घोड्यावर बसून बरं व्हायलाच पाहिजे का?

मागच्या महिन्यात अलिबाग तालुक्यातल्या एका ग्रामसभेत मी मागच्या बाकावर बसून दीड तास भांडण ऐकलं आणि घरी पोचेपर्यंत डोकं नुसतं भणभणत होतं. विषय तसा साधा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे, तर ते पैसे यंदा कशावर घालायचे. आम्ही काही जण रविवारी सकाळी समुद्रावर दिव्यांग मुलांना आणि मोठ्या माणसांना घोड्यावर बसवतो, त्यासाठी चढायउतरायला एक लाकडी रॅम्प आणि घोड्यांना सावलीपुरती शेड मिळावी एवढीच आमची मागणी होती. एक गट म्हणाला ही चैन आहे, त्यापेक्षा पैसे रोख वाटून टाका. दुसरा गट, म्हणजे आमच्याच बाजूचे लोक, तावातावाने म्हणाले चैन कसली, हा उपचार आहे, अमक्यांची मुलगी घोड्यावर बसून बसून चालायला लागली. मग पहिले म्हणाले दाखवा डॉक्टरचं सर्टिफिकेट. आणि तिथून पुढे अख्खी सभा घाण्याच्या बैलासारखी एकाच जागी फिरत राहिली, की घोड्याने माणूस बरा होतो की होत नाही.

मला वाटतं दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडल्या. शनिवारी पुण्याहून धडधाकट माणूस येतो, पैसे मोजतो, घोड्यावर बसून समुद्राच्या कडेने एक फेरी मारतो, फोटो काढतो, खूश होऊन जातो. त्याला कोणी विचारतं का, की बाबा रे तुझी कंबर सुधारली का, तुझं ब्लडप्रेशर किती खाली आलं? नाही विचारत, कारण त्याला मजा करायला कारण लागत नाही. मग व्हीलचेअरवरच्या माणसाने तीच फेरी मारायची म्हटली की त्याला केसपेपर का मागता? दिव्यांग माणसाने जे काही करायचं ते एकतर उपचार पाहिजे नाहीतर फुकटची चैन, मधे काही नाहीच, हा जो समज आपल्या डोक्यात बसलाय ना, खरं भांडण त्याच्याशी आहे. घोड्यावर बसणं हा खेळ आहे, आनंद आहे, आणि त्यावर त्यांचा इतरांएवढाच हक्क आहे. शरीराला फायदा झाला तर उत्तमच, पण ती प्रवेश फी असता कामा नये.

हे म्हणताना 'उपचार' म्हणणाऱ्यांचं सगळं खोटं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाहीये. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ वरखाली, डावीउजवीकडे आणि पुढेमागे अशी तिन्ही बाजूंनी हलते, आणि त्यामुळे वर बसलेल्याची कंबर जवळजवळ तशीच हलते जशी चालणाऱ्या माणसाची हलते. जो आयुष्यात कधी चाललाच नाही त्याच्या शरीराला चालण्याची ती लय घोड्याच्या पाठीवर कळते, मिनिटाला साधारण शंभर पावलं, म्हणजे वीस मिनिटांत दोनेक हजार वेळा. शिवाय घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम असतं, 38 डिग्रीच्या आसपास. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूला इजा होऊन स्नायू आखडतात त्या आजारामुळे, ज्या पोराच्या मांड्या कात्रीसारख्या एकमेकीत अडकलेल्या असतात त्याला नुसत्या चारजाम्यावर, म्हणजे जाड कापडी खोगिरावर, बसवलं की पाच-सात मिनिटांत त्या सैल पडायला लागतात, हे मी माझ्या हाताखाली अनुभवलंय, कारण माझा हात त्याच मांडीवर असतो. तोल आणि धड सावरणं यात थोडा फरक पडतो असं सांगणारे अभ्यासही झालेत.

पण. बहुतेक अभ्यास थोड्याथोडक्या मुलांवरचे आहेत, फरक बेताचा आहे आणि तो किती टिकतो याबद्दल कोणी छातीठोक सांगत नाही. आणि हे सगळ्यांना चालतं असंही नाही. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेचे वरचे मणके ढिले नाहीत ना हे डॉक्टरकडून बघून घ्यायलाच लागतं, खुबा सरकलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, हाडं ठिसूळ असतील तर घोड्यावर बसवणं हे सरळ धोक्याचं काम आहे. आणि ती जी 'घोड्यावर बसून चालायला लागलेली' मुलगी सभेत नाचवली गेली, तिला मी ओळखते. ती चालायला लागली हे खरं. पण त्याआधी दोन वर्षं तिची आई आठवड्यातून दोनदा एसटीने तिला फिजिओकडे नेत होती, रात्री स्प्लिंट बांधत होती, रोज सकाळी तेल लावून पाय ताणत होती. एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याएवढी उंच आहे, त्या पायरीवरून वाढत्या वयाची पोर उचलून चढवायची म्हणजे काय ते करून बघा एकदा. हे सगळं श्रेय घोड्याला देऊन टाकलं की त्या माऊलीवर अन्याय होतो, आणि तो अन्याय आमच्याच बाजूच्या लोकांनी केला, चांगल्या हेतूने.

चमत्काराच्या भाषेचं आणखी एक नुकसान आहे ते जास्त खोल आहे. आमच्याकडे एक वडील मुलाला घेऊन सहा महिने यायचे. कोणीतरी त्यांना सांगितलेलं की पोरगा उभा राहील. सहा महिन्यांनी पोरगा उभा राहिला नाही, त्यांनी यायचं बंद केलं. फोनवर म्हणाले, ताई, फरक तर काहीच नाही. आणि त्या सहा महिन्यांत काय झालं होतं, तर जो मुलगा अनोळखी माणूस बघितला की तोंड आईच्या पदरात लपवायचा तो चांदणीच्या, म्हणजे आमच्या घोडीच्या, मानेवर हात ठेवून 'चल' म्हणायला शिकला होता. एकच शब्द, तोही अर्धवट, 'च' कमी आणि 'अल' जास्त. पण तो म्हटला की दोन-अडीचशे किलोचं जनावर हलायचं. ज्याच्या सांगण्यावरून घरातला पंखासुद्धा कोणी बंद करत नव्हतं त्याच्या एका शब्दावर घोडी चालायला लागायची! हा फरक वडिलांना दिसला नाही यात त्यांची चूक नाही, त्यांना आपण भलतंच मोजमाप हातात दिलं होतं.

लिस हार्टेल नावाची डेन्मार्कची बाई होती. 1944 मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. मूल सुखरूप झालं, तिचे गुडघ्याखालचे पाय मात्र कायमचे गेले. ती आधीपासून घोडेस्वारी करायची, आजारानंतर पुन्हा घोड्यावर बसायला शिकली, चढायला आणि उतरायला तिला माणूस लागायचा. 1952 च्या आधी ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत बायकांना प्रवेशच नव्हता, तो लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ मानला जायचा. त्या वर्षी हेलसिंकीला ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली तालात करून घ्यायच्या त्या प्रकारात, बायकांना पहिल्यांदा घेतलं आणि हिने पुरुषांच्या बरोबरीने खेळून रौप्यपदक आणलं. 1956 ला पुन्हा रौप्य. तिच्यामुळेच युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं उभी राहायला बळ मिळालं, ब्रिटनमध्ये 1969 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि 1996 पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्येही आहे. आता आपल्या ग्रामसभेची फूटपट्टी तिला लावा. लिस हार्टेल बरी झाली का? नाही झाली. तिचे पाय शेवटपर्यंत तसेच राहिले. म्हणजे 'फरक तर काहीच नाही' असंच लिहायला लागेल ना तिच्या केसपेपरवर?

लांबचं नको असेल तर जवळचं घ्या. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, लष्करात बॉक्सिंग करणारा जवान, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पायांनी अधू झाले. 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पोहून त्यांचे पाय परत आले का असं कोणी विचारलं तर आपणच त्याला वेड्यात काढू. मग रविवारी घोड्यावर बसणाऱ्या आपल्याच गावातल्या पोराला तो प्रश्न का चालतो? पदक मिळवलेल्यालाच मजा करायची मुभा आहे काय?

कायद्यानेसुद्धा हा घोळ घातलेला नाहीये, तो आपण घातलाय. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा उघडून बघा. आरोग्याचं कलम वेगळं आहे, 25 वं. पुनर्वसनाचं वेगळं. करमणूक आणि संस्कृतीचं 29 वं, खेळाचं 30 वं. म्हणजे करणाऱ्यांना नीट माहीत होतं की औषधपाणी ही एक गोष्ट आणि खेळ ही दुसरी, आणि एक मिळालं म्हणून दुसरं कापायचं नाही.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि तो सभेत एका शेतकरी काकांनी मांडला, आवाज न चढवता. ते म्हणाले, ताई, माझ्या भावाला अजून धड संडास नाही जिथे त्याची खुर्ची आत जाईल, आणि तुम्ही घोड्याच्या सावलीला पैसे मागता. यावर आमच्या बाजूच्या कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही त्या क्षणी नव्हतं. ते बरोबर बोलत होते. त्यांच्या भावाचा संडास आधी झाला पाहिजे, आणि 5 टक्क्यांतून रोख रक्कम लागणारी घरंही गावात आहेत, त्यांना ती मिळालीच पाहिजे. जर तिजोरीत खरंच एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर मी स्वतः हात वर करून संडासाला मत देईन.

पण 'आधी ते, मग हे' हा हिशोब आपण फक्त दिव्यांगांनाच का लावतो? गावात पाण्याची टाकी गळते म्हणून टेनिस बॉलचे सामने थांबलेत का कधी? रस्त्याला खड्डे आहेत म्हणून शिमग्याला पालखी नाचवायची राहिली का? आपल्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्यांच्यावर बंदी आली तेव्हा लोक सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली तेव्हा गावोगाव गुलाल उधळला. त्या सगळ्या वर्षांत कोणी म्हटलं का की आधी दवाखान्यात डॉक्टर आणा मग शर्यत? म्हटलं नाही, कारण आपल्याला आतून कळतं की माणूस नुसता संडास आणि रेशनवर जगत नाही. हे जे आपल्याला स्वतःबद्दल कळतं ते दिव्यांग माणसाबद्दल कळायला काय अडचण आहे? आणि दुसरं, ज्या घरी ना संडास झालाय ना घोडा, तिथे संडास अडलाय तो घोड्यामुळे अडलेला नाहीये. गेली कित्येक वर्षं घोड्याची मागणी नव्हतीच की, तेव्हा झाला का?

एक गोष्ट मात्र आपल्याच किनाऱ्यावरची आहे. रॅम्पबद्दल सगळे बोलतात, आणि बोललंच पाहिजे, पण रॅम्प वाळूपाशी संपतो. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं कोरड्या वाळूत गेली की रुततात, मागून चार जणांनी ढकललं तरी नांगरासारखी जमीन उकरत बसतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, पन्नाशीचे, लहानपणी पोलिओ झालेला, घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, सुरूच्या बनातून लाटांचा आवाज रात्री अंथरुणात ऐकू येतो. चाळीस वर्षांत ते ओल्या वाळूपर्यंत गेले नव्हते. ओहोटीला इथून कुलाबा किल्ल्यात घोडागाड्या जातात, मुंबईचे पर्यटक जातात, आणि हा माणूस बांधावर बसून त्या जाताना बघायचा. त्यांना पहिल्यांदा घोड्यावर बसवून पाण्याच्या रेषेपर्यंत नेलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. चांदणी पाण्यात दोन पावलं गेली, पाणी तिच्या खुरांवरून फिरलं, आणि ते खाली वाकून बघत राहिले, बराच वेळ, आम्ही सगळे गप्प उभे. मग म्हणाले, "गार असेल ना?" एवढंच. आमच्यातल्या एकाने ओंजळीत पाणी घेऊन त्यांच्या हातावर ओतलं. सांगा आता हा उपचार की चैन.

पडले तर? हा प्रश्न आईवडील विचारतात तेव्हा तो खरा असतो, आणि सभेत काही पुढारी विचारतात तेव्हा तो बहुतेक वेळा विषय मिटवायला असतो, पण उत्तर दोघांनाही सारखंच द्यायला पाहिजे. हो, घोडा आहे म्हणजे धोका आहे. कितीही शांत घोडी असली तरी भटकं कुत्रं पायात आलं किंवा पॅरासेलिंगची जीप एकदम शेजारून गेली तर ती दचकणार. म्हणूनच हेल्मेटशिवाय कोणी बसत नाही, पुढे मोहरकी, म्हणजे तोंडाची दोरी, धरायला एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशी तीन माणसं असल्याशिवाय घोडी हलत नाही, पर्यटक यायच्या आत सकाळी सातला सुरू करून नऊला बंद, आणि पावसाळ्यात समुद्रावर अजिबात नाही. तरीही धोका शून्य होत नाही. पण ज्या घरांत 'पडेल म्हणून' मुलाला कधी बाहेरच काढलं नाही तिथे काय झालंय हेही बघा. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ आहे, न फिरवल्यामुळे. माणसाला घरात ठेवून ठेवून जे होतं त्याची नोंद कुठल्या अपघाताच्या रजिस्टरमध्ये होत नाही म्हणून ते झालंच नाही असं होतं का?

आणि घोड्यांचं काय, हा मुद्दा तर मला स्वतःला झोपू देत नाही. किनाऱ्यावरच्या घोड्यांचे हाल मी बघितलेत. भर दुपारी सावली नाही, पोटाखालून आवळलेल्या खोगिराच्या पट्ट्याखाली मीठ आणि वाळू जाऊन कातडं सोललेलं, ऐंशी किलोचा माणूस लहान तट्टावर, वर त्याला दुडक्या चालीने पळवायचं. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 मध्ये हायकोर्टाने बंद करायला लावल्या त्यामागे घोड्यांचे हाल हेच कारण होतं, आणि ते बरोबरच होतं. प्राणीमित्र म्हणतात की दिव्यांगांच्या नावाने तुम्ही हाच धंदा पवित्र करून घेताय. ही टीका ऐकून घेण्यासारखी आहे. पण आमच्या कामाची एक गंमत बघा, ज्या घोड्याच्या पाठीला जखम आहे, जो उपाशी आहे, जो माराने बिचकलेला आहे तो आम्हाला चालतच नाही, कारण त्याच्यावर बसणाऱ्याला स्वतःला सावरता येत नसतं. घोड्याची तब्येत हीच स्वाराची सुरक्षा. घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नाही, खोगिरासकट, हा नियम आम्ही पाळतो, म्हणजे अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नासच्या वर नाही, आणि त्यामुळे एका धिप्पाड मुलाला आम्हाला नाही म्हणायला लागलंय, त्याचं तोंड मला अजून आठवतं. ज्या घोडेवाल्या काकांची चांदणी आहे ते आधी पाठ न बघता खोगीर चढवायचे, आता रोज हाताने चाचपून बघतात, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून खूर आतून कुजायला लागतात म्हणून तिला बांधायच्या जागी खाली फळ्या टाकल्यात. शेड मागितली ती याचसाठी. पक्कं बांधकाम किनाऱ्यावर सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांत, बसत नाही हा सभेतला आक्षेप बरोबर होता, म्हणून लाकडी आणि काढूनघालून ठेवता येईल असं मागतोय.

आता ज्याच्यावर सभेत कोणी चकार शब्द काढला नाही ते. हे सगळं करायला माणसं लागतात. शिवकाळात पागेची रचना अशी होती की पंचवीस बारगिरांमागे, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांमागे, एक पखालजी आणि एक नालबंद. तलवार चालवणारा सगळ्यांना दिसतो, पण पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा नसेल तर तो स्वार दुसऱ्या दिवशी पायी असतो. आमच्याकडे हिशोब उलटा आहे, एका स्वारामागे तीन माणसं. आणि ही तीन माणसं म्हणजे खोगीरभरती नव्हे. बाजूला चालणाऱ्याचा एक हात स्वाराच्या मांडीवरून आडवा जाऊन खोगिराची कड धरतो. हाताचा भार घोड्यावर टाकायचा नाही, स्वाराला दाबायचं नाही, घोड्याच्या चालीशी पाऊल जुळवायचं, मऊ वाळूत. वीस मिनिटांत खांदा भरून येतो, मग घोडी थांबवून बाजू बदलायची, तीही एकेकाने, दोघांनी एकदम हात सोडायचा नाही. घोडी दचकली तर आपण मागे उडी मारायची नाही, उलट आत सरकायचं, स्वाराला घट्ट धरायचं. माणसाची उपजत बुद्धी याच्या बरोबर उलटं सांगते, म्हणून ते शिकायला लागतं आणि पुन्हा पुन्हा करायला लागतं.

या कामाला लोक 'सेवा' म्हणतात, आणि तो शब्द मला खटकतो. सेवा म्हटलं की आपण देणारे होतो, आणि देणाऱ्याला वाटलं तर द्यायची मुभा असते. वाढदिवसाला येणारे लोक आहेत, केक आणतात, मुलांना भरवतात, डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या, आणि ते पाणी खोटं नसतं, पण पुढच्या रविवारी ते नसतात. कॉलेजची मुलं समाजकार्याचे ठरलेले तास भरायला येतात, तास भरले की जातात, यातली काही मात्र राहतात आणि तीच आमची खरी माणसं. हक्क म्हटला की चित्र बदलतं. तिथे मी उपकार करायला जात नाही, माझ्या जागी उभी राहायला जाते, जसा एसटीचा ड्रायव्हर त्याच्या जागी बसतो. ड्रायव्हर आला नाही तर गाडी सुटत नाही, त्याला वाईट वाटलं की नाही याने प्रवाशाला काय फरक पडतो?

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीतून. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री नात्यात हळद होती, झोपायला दोन वाजले, सकाळी सव्वासहाला मी ग्रुपवर मेसेज टाकला की आज जमणार नाही, आणि हात जोडल्याचं चिन्ह टाकून झोपले. त्या दिवशी बाजूला चालायला एकच माणूस उरला. नियम म्हणजे नियम, दोन असल्याशिवाय घोडी हलत नाही. एक बारा वर्षांची मुलगी, आदल्या रविवारी पाऊस होता म्हणून तिची फेरी चुकलेली, ती हेल्मेट घालून बसली होती. तिला सांगितलं की आज नाही. तिने हेल्मेट काढलं नाही. पर्यटक आले, घोडेवाल्या काकांची कमाईची वेळ झाली, ते चांदणीला घेऊन गेले, तरी ती हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली तसाच ठेवून बसून होती, समुद्राकडे बघत. हे मला तिच्या आईने सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज बोलता बोलता. त्यानंतर मी एकही हळद रात्री दहाच्या पुढे बघितलेली नाही.

आणि त्या सभेत एक गोष्ट अशी झाली की जी कोणाच्याच लक्षात आली नाही. पंचायतीच्या हॉलला तीन पायऱ्या आहेत. कुबड्यांवर येणारे एक गृहस्थ दाराबाहेर ओट्यावर बसून दीड तास ऐकत होते. त्यांच्याच नावाचे पैसे, त्यांच्याच नावाचं भांडण, आणि आत बाहेर कोणीच त्यांना विचारलं नाही की तुम्हाला काय पाहिजे, मी पण नाही, हे मी कबूल करते. सभा सुटल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, मला तुमचा घोडा नको, भीती वाटते मला जनावराची, मला या पायऱ्यांना कठडा पाहिजे. मी म्हटलं बरोबर आहे. पुढच्या सभेत मी कठड्याची मागणीही करणार आहे, रॅम्पच्या बरोबरीने, आणि सभा ओट्यावर घ्या असंही म्हणणार आहे.

ती हेल्मेटवाली मुलगी आता चौदाची झालीये. गेल्या रविवारी फेरीच्या मधेच म्हणाली, मावशी, हात काढ ना. मी काकांकडे बघितलं, पलीकडच्या मुलाकडे बघितलं, तिच्या आईला बांधावरून काही ऐकू येत नव्हतं. तिचा तोल आता बराच चांगला आहे पण चांगला म्हणजे किती? मी हात मांडीवरून उचलला आणि वीतभर अंतरावर हवेत तसाच धरून चालत राहिले, पलीकडच्यानेही माझं बघून तसंच केलं. तीस-चाळीस पावलं असतील. ती एकदाही आमच्याकडे वळून बघत नव्हती, नजर सरळ चांदणीच्या कानांमधून पुढे. येत्या रविवारी ओहोटी सकाळी लवकर आहे, वाळू कडक मिळेल, आणि तिने सांगून ठेवलंय की या वेळी सुरूच्या शेवटच्या झाडापर्यंत. बाजूला चालायला आमच्याकडे अजून एक माणूस कमी आहे.